शाळा चालविण्याची विद्या

[शेतकरी व कारागीर पालक आणि प्राथमिक शिक्षक यांच्या एका सभेंत खेड्यांतील एका शिक्षकानें केलेलें भाषण.]



मी कांहीं मोठा विद्वान नाहीं. बारावीनंतर दोन वर्षें मराठी माध्यमाच्या अध्यापक विद्यालयांत काढून डी.एड. झालेला, आणि पुढें वीसबावीस वर्षें खेड्यांतल्या शाळांतून खडू झिजविलेला एक साधा मास्तर आहें. मागच्या महिन्यांत आठवड्याच्या बाजारांत एका शेतकरी दादानें मला वाटेंत धरून एक प्रश्न केला. तो म्हणाला, "गुरुजी, शाळेला इमारत आली, मास्तर आले, पुस्तकें फुकट, दुपारचा भात फुकट. मग माझ्या पोरीला चौथी होऊनहि धड वाचतां कां येत नाहीं?" त्या वेळीं मीं कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली. घरीं गेल्यावर माझी मला लाज वाटली. त्या प्रश्नाचें खरें उत्तर आज चारचौघांत देतों.

उत्तर असें आहे कीं, आपण शाळेला सगळें दिलें, पण शाळा चालविण्याची विद्या शिकलेला माणूस दिला नाहीं. शिकविणें ही एक विद्या आणि शाळा चालविणें ही दुसरी. उत्तम गवंडी असला म्हणून तो आराखडा काढून, माणसें लावून, हिशेब राखून वाडा उभा करील असें होत नाहीं. ती कला त्याला वेगळी शिकावी लागते. आपल्या शाळांत मात्र चांगला शिकविणारा, किंवा नुसता जुना झालेला शिकविणारा, एके सकाळीं मुख्याध्यापक होतो. आणि तसाच कोणी त्याच्यावर देखरेख करणारा साहेब होतो. दोघांनाहि त्या नव्या कामाचें शिक्षण कोणीं दिलेलें नसतें.

हें मी दुसऱ्याचें सांगत नाहीं, माझें स्वतःचें सांगतों. सन २००१ सालीं मी शिक्षणसेवक म्हणून दरमहा ३,००० रुपयांवर नोकरीस लागलों. पंधराएक वर्षांनीं एका शाळेंत सर्वांत जुना म्हणून मला प्रभारी मुख्याध्यापक केलें. किल्ल्यांचा जुडगा, शिक्का आणि कपाटभर नोंदवह्या माझ्या हातीं आल्या. पोषण आहाराचा हिशेब कसा भरावा हें मला दोनदां समजाविण्यांत आलें. शाळा कशी चालवावी हें एकदांहि कोणीं सांगितलें नाहीं. आमच्या अध्यापक विद्यालयांत त्यावर एक धडा होता; तो परीक्षेपुरता पाठ करून मी केव्हांच विसरलों होतों.

शाळेंत मुलें ८२, वर्ग चार, आणि आम्ही मास्तर तीन. पहिलीचा वर्ग मीं आपल्याकडे घेतला. मनांत हिशेब असा कीं, लहान मुलें आहेत, सांभाळावयास सोपीं. मला बैठका असतात, कागद असतात, तेव्हां हाच वर्ग बरा. आठवड्यांतून दोन दिवस मी तालुक्याला जाई, उरलेल्या दिवसांत माहिती भरीत बसे, आणि पहिलीच्या मुलांवर चौथीची एक हुशार मुलगी बसवी. तीन वर्षें असें चाललें. नोंदवह्या माझ्या आरशासारख्या स्वच्छ होत्या. वर अहवालहि चांगला गेला.

त्या वर्गांतला एक लोहाराचा मुलगा चौथी संपवून पुढच्या शाळेंत गेला. तेथें त्याला ओळ वाचतां येईना. त्याचा बाप माझ्याकडे आला. भांडला नाहीं. ओट्यावर बसून शांतपणें म्हणाला, "गुरुजी, माझ्या भट्टीवर पोरगा आला तर पहिलीं दोन वर्षें तो भाता ओढतो. घण कसा पडतो तें बघतो. मग मी त्याच्या हातीं घण देतों. तुमच्या हातीं शाळा कोणीं दिली?"

बांधवांनो, या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें. त्या मुलाला मीं संध्याकाळीं घरीं बसवून शिकविलें. सहा महिन्यांत तो घडघड वाचूं लागला. म्हणजे मुलाच्या डोक्यांत दोष नव्हता, माझ्या वेळापत्रकांत होता. शाळेंतला सर्वांत चांगला, सर्वांत कमी गैरहजर राहणारा शिक्षक पहिलीला द्यावा, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती मला पहिल्याच दिवशीं कोणीं सांगितली असती तर तीन वर्षांच्या मुलांचें नुकसान टळलें असतें.

आणि देखरेख? त्या तीन वर्षांत वरून साहेब दोनदां आले. तांदळाचीं पोतीं मोजलीं, स्वच्छतागृह पाहिलें, हजेरीपटावर सही केली, शेरेबुकांत "समाधानकारक" असें लिहिलें, आणि चहा घेऊन गेले. एकाहि मुलाला जवळ बोलावून "बाळ, एवढें वाचून दाखव" असें ते म्हणाले नाहींत. मी त्यांना दोष देत नाहीं. त्यांच्याकडे रिकाम्या जागांमुळें आणखी दोन केंद्रांचा भार होता. आणि वर्गांत मागें बसून पाठ कसा पाहावा, अभ्यासक्रम मुलांच्या पदरीं किती पडला हें कसें तपासावें, हें त्यांनाहि कोणीं शिकविलें नव्हतें. आंधळ्याच्या हातीं आंधळ्याचा हात, आणि मागें तुमचीं पोरें!

ही रडकथा आजची आहे असें समजूं नका. सन १८८२ सालीं हंटर साहेबांचें शिक्षण कमिशन आलें, तेव्हां जोतीराव फुले यांनीं त्याच्यापुढें लेखी निवेदन दिलें. खेड्यांतल्या शाळांचे शिक्षक शिकून तयार झालेले असावे व ते होतां होईल तों शेतकरी वर्गांतले असावे, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील, असें त्यांनीं मागितलें. खेड्याच्या अभ्यासांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडी शेतीची माहिती, आरोग्य हीं असावींत असें सांगितलें. आणि देखरेखीविषयीं त्यांचें म्हणणें असें होतें कीं, तपासनीस वर्षांतून एकदां येऊन कांहीं उपयोग नाहीं; निदान तीन महिन्यांनीं तपासणी व्हावी, आणि शिवाय मधूनमधून खबर न देतां शाळा पाहावी. पाहा! शिक्षक कोण असावा, काय शिकवावें, आणि त्यावर नजर कोणीं व कशी ठेवावी, या तीनहि गोष्टींचा संबंध त्या पुरुषानें एकाच निवेदनांत जोडला. आपण शिक्षक नेमले, पुस्तकें छापलीं. तिसरी गोष्ट अजून अर्धीच राहिली आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनींहि हें ओळखलें होतें. सन १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढल्यावर त्यांनीं सन १९३५ सालीं साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज उघडलें. गांवोगांव शाळा न्यावयाच्या तर आधीं त्या शाळा पेलणारा माणूस तयार झाला पाहिजे, हा त्यांतला हिशेब होता.

आतां आजचा कायदा काय म्हणतो तें पाहूं. खाजगी शाळांसाठीं १९८१ सालची जी नियमावली आहे, तिच्याप्रमाणें माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हावयास पदवी, शिकविण्याची पदवी आणि निदान पांच वर्षांचा अनुभव लागतो, आणि सर्वसाधारणपणें सेवाज्येष्ठ असेल त्याचा नंबर लागतो. शाळा चालविण्याचें वेगळें शिक्षण घेतलेंच पाहिजे अशी अट त्यांत नाहीं. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत पहिली ते पांचवीच्या शाळेला वेगळा मुख्याध्यापक केव्हां, तर मुलें १५० च्या वर असलीं तर. तुमच्या वाडीच्या, तांड्याच्या, धनगरवस्तीच्या शाळेंत १५० मुलें कोठून येणार? म्हणजे जेथें गरीब कष्टकऱ्यांचीं मुलें शिकतात, त्याच शाळांना मुख्याध्यापक नाहीं. तेथें एखादा मास्तर वर्ग सांभाळून कारभारहि हांकतो. मी तसाच हांकीत होतों.

कोणी म्हणेल, अहो, अनुभवानें येतें सगळें! अनुभवाला मी मान देतों. परंतु बैल वीस वर्षें औताला चालला म्हणून तो पाभर धरावयास शिकत नाहीं. अनुभव आणि शिक्षण यांची गांठ पडावी लागते.

मग ही विद्या आहे तरी काय? थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट, प्रत्येक मुलाला काय येतें व काय येत नाहीं हें वर्षांतून तीन वेळां समोर बसवून पाहणें, आणि मागें पडलेल्याला रोज वेगळा वेळ देणें. दुसरी, शिक्षकाच्या वर्गांत मागें बसून त्याचा पाठ पाहणें, आणि मग मुलांच्या देखत नव्हे तर एकांतांत, चांगलें काय झालें व काय बदलावें हें त्याला सांगणें. तिसरी, कोणता शिक्षक कोणत्या वर्गाला व कोणता विषय कोणत्या वेळीं हें ठरविणें. चौथी, शाळेच्या पैशाचा व धान्याचा चोख हिशेब ठेवणें, पण त्या हिशेबांत सगळा दिवस बुडूं न देणें. पांचवी, गांवाची रीत ओळखून आधीं बेत करणें. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या कीं अर्धा वर्ग रिकामा होतो. जाणता मुख्याध्यापक पावसाळ्यांतच घरोघर जाऊन कोणतीं मुलें जाणार याची यादी करतो, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर पाठवितो, आजीआजोबांशीं बोलून ठेवतो. अजाणता मुख्याध्यापक दिवाळीनंतर "गैरहजर, गैरहजर" अशा खुणा करीत बसतो.

आणि अभ्यासक्रमावर देखरेख करणाऱ्याचें काम याच्याहि पुढचें. आपल्या राज्यांत केंद्रप्रमुखाचें पद निघाल्याला तीस वर्षें होऊन गेलीं. साधारण दहा शाळांमागें एक माणूस, त्यानें शाळा-शाळांत फिरून शिक्षकांना हात द्यावा, महिन्याला सर्वांना एकत्र बसवून एखादा अवघड धडा कसा शिकवावा याचा विचार करावा, ही मूळ कल्पना फार चांगली आहे. पाटकरी जसा पाटानें फिरून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी गेलें कीं नाहीं हें पाहतो, तसें त्यानें पाहावयाचें. पाटकरी कोरडें शेत सोडून नुसता वहीवर पाणी सुटल्याची नोंद करीत बसला, तर पीक येईल काय?

आतां जरा दूरच्या देशाकडे नजर टाकूं, कारण या विषयांत अमेरिकेनें आपल्या आधीं पुष्कळ वाट चालली आहे. तेथील बहुतेक राज्यांत मुख्याध्यापक व्हावयाचें तर कांहीं वर्षें शिकवून मग विद्यापीठांत पदवीच्या पुढचें शिक्षण घ्यावें लागतें, व त्यावर परवाना मिळतो. अभ्यासक्रमाच्या तपासनिसालाहि बहुधा तसेंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत ज्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, त्याचें टीचर्स कॉलेज हें या शिक्षणाचें एक मोठें व जुनें ठिकाण आहे. या विद्येचा उपयोग काय, याचेंहि त्या देशांत माप घेतलें गेलें. सन २०२१ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून निघालेल्या एका अहवालांत असें आढळलें कीं, प्राथमिक शाळेंत कमी कुवतीच्या मुख्याध्यापकाच्या जागीं चांगला आला, तर मुलें एका वर्षांत गणितांत व वाचनांत सुमारें तीन महिन्यांच्या शिक्षणाइतकीं पुढें जातात. एका माणसामुळें साऱ्या शाळेला तीन महिने! आपल्या पोराला वर्षाकाठीं तीन महिने कमीजास्त मिळणें ही लहान गोष्ट आहे काय?

परंतु त्याच वाटेवर अमेरिकेनें दोनदां ठेंचहि खाल्ली आहे, आणि शहाण्यानें पुढच्याला ठेंच लागलेली पाहून पाय उचलावा. पहिली ठेंच अशी: या शास्त्राचे एक आद्य पुरुष, स्टॅनफर्डचे प्राध्यापक एल्वुड कबर्ली यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत शाळेला कारखान्याची व मुलांना कच्च्या मालाची उपमा दिली. मग मुख्याध्यापक म्हणजे कारखान्याचा व्यवस्थापक झाला, आणि आंकडे, तक्ते, खर्चाची बचत हेंच शिक्षण झालें. आमच्या कुंभारदादांना विचारा, चाकावरची माती सुद्धां सगळी सारखी नसते, हाताला कळावी लागते. मग मुलें सारखीं कशीं असतील? दुसरी ठेंच याहून मोठी. सन २००५ सालीं आर्थर लेविन या गृहस्थांनीं मुख्याध्यापक घडविणाऱ्या अमेरिकन अभ्यासक्रमांची तपासणी प्रसिद्ध केली. ते स्वतः त्या वेळीं कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजचे प्रमुख होते, म्हणजे घरचाच आहेर. त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, यांतले बहुसंख्य अभ्यासक्रम कामचलाऊहि नाहींत. प्रवेश सैल, विषय शाळेच्या कामाशीं फटकून, प्रत्यक्ष शाळेंत उभें राहून शिकणें नांवाला. आणि पुष्कळ शिक्षक ती पदवी पगारवाढीसाठीं घेतात.

पगारवाढीसाठीं पदवी! हें आपल्याला नवीन आहे काय? आपल्याकडे प्रशिक्षणाला जाऊन सही करून, दुपारचें जेवण करून परत येणारे थोडे आहेत काय? म्हणून मी तुम्हांस सांगतों कीं, मला शिक्षण हवें आहे, कागद नको आहे.

आपल्या देशांत या शिक्षणाची सोय मुळींच नाहीं असें नाहीं. दिल्लीस शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिचें मूळ १९६२ सालचें. तिच्यांत २०१२ सालीं शालेय नेतृत्वाचें राष्ट्रीय केंद्र निघालें, आणि स्वतःला घडविणें, शिकविण्याची रीत सुधारणें, शिक्षकांचा मेळ बसविणें, नवें करून पाहणें, लोकांशीं नातें जोडणें, कारभार राखणें अशा विषयांचा अभ्यासक्रम त्यानें तयार केला. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठानें शालेय व्यवस्थापनाची पदविका घरबसल्या शिकण्याची सोय केली; मीं माझी बी.ए.ची पदवी त्याच विद्यापीठांतून नोकरी करीत घेतली, म्हणून त्याचे उपकार मी विसरत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत मुख्याध्यापकांनीं वर्षाला निदान ५० तास शिकावें असें लिहिलें आहे. बीज आहे, पण तें आपल्या रानापर्यंत पोंचत नाहीं.

येथें एक धोका उघड बोलला पाहिजे. उद्यां सरकारनें म्हटलें कीं मोठी पदवी असल्याशिवाय मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख होतां येणार नाहीं, तर पदवी कोण घेईल? शहरांत राहणारा, इंग्रजी येणारा, फी भरूं शकणारा. आणि डी.एड. होऊन वाडीवर राबणारी शेतकऱ्याची, सुताराची, चांभाराची मुलगी आहे तेथेंच राहील. म्हणजे जी विद्या आपल्या मुलांसाठीं मागावयाची, तीच आपल्या माणसांना दाराबाहेर ठेवील. असें होऊं द्यावयाचें नसेल तर मागणी करतांना अटीहि सांगितल्या पाहिजेत. शिक्षण मराठींत असावें. तें जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीं, सुट्टींत व टप्प्याटप्प्यानें असावें. शिक्षक शिकावयास गेला तर त्याच्या वर्गाला बदली शिक्षक मिळावा, नाहीं तर मुख्याध्यापक शिकेल आणि मुलें बसून राहतील. फी सरकारनें भरावी. प्रभारी कारभार पाहणाऱ्या लहान शाळांच्या मास्तरांना आधीं घ्यावें. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची अट: परीक्षा कागदावर न घेतां शाळेंत घ्यावी. निम्मा काळ एखाद्या चांगल्या मुख्याध्यापकाच्या हाताखालीं, लोहाराच्या पोरानें भात्यावर काढावा तसा काढावा. आणि त्याची शाळा वर्षानें कोठून कोठें गेली हें पाहून मगच प्रमाणपत्र द्यावें.

मायबापांनो, हें सगळें सरकारनें करावयाचें, मग आम्हांस कां सांगतां, असें तुम्ही म्हणाल. तुम्हांस सांगतों, कारण कायद्यानें किल्ली तुमच्या हातींहि दिली आहे. २००९ च्या त्याच कायद्याप्रमाणें सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत चारांपैकीं तीन जण पालक असावे लागतात, आणि एकंदर निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणें हें त्या समितीचें काम आहे. पण आपण काय करतों? शिपाई घरीं वही घेऊन येतो आणि आपण अंगठा किंवा सही देऊन मोकळे होतों.

येत्या बैठकीला स्वतः जा. तीन प्रश्न विचारा. पहिला: प्रत्येक वर्गांत किती मुलें न अडखळतां वाचतात? नांवानिशी सांगा. दुसरा: तपासणीला आलेले साहेब कोणत्या वर्गांत किती वेळ बसले, आणि शिक्षकाला काय सांगून गेले? तिसरा: आमच्या मुख्याध्यापकांना शाळा चालविण्याचें कोणतें शिक्षण मिळालें, आणि मिळालें नसेल तर तें मागणारा ठराव या वहींत आज कां लिहूं नये? रागानें विचारूं नका. आपल्या मास्तराला शत्रू समजूं नका. तो बहुधा माझ्यासारखाच, न शिकवितां घणापाशीं उभा केलेला माणूस असतो. ठराव करून वर पाठवा. एका गांवाचा ठराव टोपलींत जाईल; तालुक्यांतल्या सगळ्या गांवांचा जाणार नाहीं.

आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, आपणांस एवढेंच सांगणें आहे कीं, सरकार शिकवील तेव्हां शिकवील, तोंवर आपण एकमेकांस शिकवूं. महिन्यांतून एका शनिवारीं दुपारीं चार शाळांच्या प्रभारींनीं एका शाळेंत जमावें, एकमेकांचा पाठ पाहावा, एकमेकांच्या मुलांचें वाचन ऐकावें. आमच्या केंद्रांत आम्हीं गेल्या वर्षीं हें सुरू केलें आहे. पहिल्या शनिवारीं मला फार संकोच वाटला. माझ्या वर्गांत मागें बसलेल्या एका तरुण बाईंनीं मला एकांतांत सांगितलें कीं, "सर, तुम्ही प्रश्न पुढच्या दोन ओळींनाच विचारतां." वीस वर्षांत मला हें कोणीं सांगितलें नव्हतें.

तो लोहाराचा मुलगा आतां दहावीला आहे. बाप मला वाटेंत भेटतो, रामराम करतो, त्या दिवसाचें कधीं काढीत नाहीं. पण भट्टीवरून जातांना घणाचा आवाज कानीं आला कीं मला त्याचा प्रश्न ऐकूं येतो. तो प्रश्न मीं आज तुमच्या स्वाधीन केला आहे.